मागं हो

मागच्या महिन्यात मला ताप आला. साधाच, पावसाळा सरताना घरोघर येतो तसला. हाडं ठणकत होती, घसा धरला होता, डोळ्यांत आग. सासूबाई खालच्या खोलीत असतात, त्यांना लागायला नको म्हणून मी उशी-पांघरूण उचलून वर गेले आणि पडून राहिले. दुपारी कधीतरी जाग आली तर दारात जोंधळी. दार सताड उघडं होतं. मधे पाट नाही, खुर्ची नाही, काही नाही. तरी ती आत आली नव्हती. पुढचे दोन्ही पाय जुळवून, हनुवटी उंबऱ्याच्या शहाबादी पट्टीवर टेकवून माझ्याकडं बघत पडली होती. एरवी ही कुत्री माझ्या पायाशी झोपते, मी न्हाणीत गेले तर दाराबाहेर बसते, स्वयंपाकघरात पायात पायात करते. त्या वरच्या खोलीतसुद्धा रोज जाते, खिडकीखालच्या उन्हाच्या पट्ट्यात लोळते. पण मी तिथं आजारी पडले आणि ती उंबऱ्यावर थांबली. तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं.

म्हणजे, या वेळी कुणी म्हटलं नव्हतं.

जोंधळी २०१६ च्या उन्हाळ्यातली. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तो उन्हाळा. आमच्या गल्लीत टँकर लागायचा तेव्हा नळीच्या जोडातून गळणारं पाणी चाटायला एक पिल्लू यायचं. पाणी संपलं की ओला धोंडा चाटत बसायचं. रंग पिकल्या जोंधळ्याच्या कणसासारखा, कान एक उभा एक पडलेला. थोरल्यानं एक दिवस तिला शर्टात गुंडाळून घरी आणलं. घागरभर पाण्यासाठी बायका एकमेकींवर धावून जात होत्या आणि माझा दहा वर्षांचा मुलगा वाटीत पाणी ओतून कुत्र्याच्या पिल्लापुढं ठेवत होता. मी रागावणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "पिऊ दे गं. तहानलेल्या जिवाला पाजलेलं पाणी वाया जात नसतंय." एवढ्यावर ती घरातली झाली.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आधी यांना ताप आला. तो महिना कसा होता ते इथं कुणाला सांगायला नको. खाट मिळवण्यात दीड दिवस गेला, ती मिळाली तेव्हा आम्ही रडलो, आनंदानं की भीतीनं ते आजही सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी माझा रिपोर्ट आला. पोरांचे आणि सासूबाईंचे निगेटिव्ह. मी वरची खोली धरली. डबा दाराबाहेर ठेवायचा, ताट मीच धुवायचं, कपडे बादलीत भिजवायचे, सगळं ठरलं. बाहेर जायचं कुणी, औषधं आणायची कुणी, यांच्या वॉर्डातला फोन घ्यायचा कुणी, सगळं. कुत्र्याचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. रात्री ११ च्या सुमारास जिन्यावर नखांचा आवाज आला, टक् टक् टक्, आणि दाराशी येऊन थांबला. मग दाराखालच्या फटीतून फुंकर आल्यासारखा श्वास. ती हुंगत होती. मी आत आहे हे तिला कळलं होतं आणि दार बंद का आहे ते कळत नव्हतं.

सकाळी मी आमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते मूळचे गुरांचे डॉक्टर, उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, उभा जन्म देवणी बैल आणि लाल कंधारी गाई तपासण्यात गेला. कुत्री-मांजरं ते ओळखीपाळखीनं बघतात. मी विचारलं ते एवढंच, की ही पाच वर्षं माझ्या अंथरुणात झोपलेली कुत्री, हिच्यापासून घरच्यांना काही होईल का. ते म्हणाले, "ताई, तुम्ही उलटं विचारताय. तिच्यापासून तुम्हाला नाही, तुमच्यापासून तिला जपा."

हे माझ्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं. वर्षभर आम्ही ऐकलं होतं ते सगळं दुसऱ्या दिशेनं. रोग प्राण्यांतून आला, वटवाघळातून आला. २०२० च्या फेब्रुवारीत हाँगकाँगमधल्या १७ वर्षांच्या एका पोमेरेनियनच्या नाकातोंडात विषाणू सापडला, तेव्हा लोकांनी त्यातला अर्धाच भाग उचलला, की कुत्र्याला कोरोना होतो. त्या कुत्र्याला तो त्याच्या मालकिणीकडून झाला होता, हा अर्धा भाग मागं राहिला. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातली नादिया नावाची वाघीण आजारी पडली, तिलाही तो माणसाकडूनच झाल्याचं सांगितलं गेलं. पुढं संशोधनात दिसलं की मांजरांना हा विषाणू बऱ्यापैकी धरतो, कुत्र्यांना कमी, आणि कोंबड्या, बदकं यांना धरतच नाही. आणि आमच्याकडं २०२० च्या त्याच दिवसांत काय चाललं होतं, तर कोंबडी खाल्ली की कोरोना होतो म्हणून भाव इतके पडले, की पोल्ट्रीवाले रस्त्यावर उभे राहून कोंबड्या फुकट वाटत होते. ज्या पक्ष्याला तो रोग शिवतही नाही, त्याच्यावर सगळा राग निघाला.

डॉक्टरांनी सांगितलं ते सोपं होतं. तिला जवळ घेऊ नका, तोंडाला तोंड लावू नका, तुमच्या ताटातलं देऊ नका. तिचं खाणंपिणं घरातल्या बऱ्या माणसाच्या हाती द्या. अगदीच तुम्हाला करावं लागलं तर मास्क लावून, आधी आणि नंतर हात धुऊन करा. तिला मास्क घालू नका, तिला सॅनिटायझर लावू नका. आणि घाबरून तिला घराबाहेर काढू नका. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. त्या वर्षात त्यांनी काय काय बघितलं असेल ते त्या दोनदा म्हणण्यात होतं.

मीही बघितलं होतं. पहिल्या लॉकडाऊनमध्ये, २०२० च्या पाडव्याच्या आसपास, औसा रोडच्या कडेला गळ्यात पट्टा असलेली कुत्री दिसायला लागली. भटकं कुत्रं गाडी आली की बाजूला होतं. ही गाडीच्या मागं धावायची. प्रत्येक पांढऱ्या गाडीमागं. थोरला त्यांना भाकरी टाकायचा तर ती भाकरीकडं न बघता त्याच्या तोंडाकडं बघायची. आमच्याच गल्लीतल्या एका घरानं आम्हाला निरोप धाडला होता की कुत्र्याचं काय ते बघा, आमच्या घरात लहान लेकरू आहे. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणवलं नाही. लहान लेकरू होतंच. पण त्यांच्या भीतीला खतपाणी मिळालं होतं ते आमच्याच एका कागदातून. जोंधळीचं लसीकरणाचं कार्ड आहे, त्यावर दरवर्षी लसीच्या बाटलीवरचं लेबल चिकटवतात. त्या लेबलावर पार्व्हो, डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगांच्या नावांच्या ओळीत 'कोरोना' असं छापलेलं. धाकटीनं शाळेच्या मैत्रिणीला मोठ्या अभिमानानं ते दाखवलं, आमच्या जोंधळीला कोरोनाची लस आधीच दिलीय म्हणून. झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं की यांच्या कुत्र्याला कोरोना होता. कुत्र्यांचा कोरोना वेगळा, तो पिल्लांना हगवण लावतो, माणसाला त्याचं काही नाही आणि माणसाच्या कोरोनावर त्या लसीचा उपयोगही नाही, हे मी दारोदार सांगत फिरले. अंतर राखून, अंगणाच्या बाहेरूनच. काहींनी ऐकलं, काहींनी दार लावून घेतलं.

तिला जपायचं म्हणजे त्या एका रोगापासून जपायचं, असं मला आधी वाटायचं. पण त्या दीड वर्षात आमच्या दोन्ही जिवांना खरा धोका झाला तो आमच्या जपण्याचाच. दोन्ही म्हणजे जोंधळी आणि मनी. मनी मांजर, तिची ती, घरात आली तर आली. महापालिकेचा ट्रॅक्टर गल्लीतून हायपोक्लोराइटचं जंतुनाशक फवारत जायचा. विहिरीत टीसीएल पावडर टाकल्यावर जसा वास सुटतो तसा नाकात जाऊन बसायचा. लोक गॅलरीत उभे राहून बघायचे, मलाही त्या वासानं बरं वाटायचं, काहीतरी होतंय असं. ती ओल वाळायच्या आत जोंधळी त्यावरून चालून आली आणि रात्रभर पंजे चाटत बसली. सकाळी बोटांमधली कातडी लाल, सोललेली. तेव्हापासून दारात एक पसरट तसराळं ठेवलं, बाहेरून आली की चारी पाय साध्या पाण्यात बुडवायचे आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं टिपायचे. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणारं आमचं गाव, त्यात कुत्र्याचे पाय धुवायचे. पण तेच पाणी मग तुळशीला जायचं नाही, हे सासूबाईंनी बजावलं, त्यात क्लोरीन असतंय म्हणून. ते बाहेर गटारीत. एका शेजाऱ्यांनी तर त्यांच्या कुत्र्याला फिरवून आणलं की सॅनिटायझर फवारायचा नेम धरला होता. कुत्रं अंग चाटतं, अंगावरचं सगळं त्याच्या पोटात जातं, हे त्यांना सांगेपर्यंत त्याच्या पोटावरची लव गेली होती.

मनीचं तर अजून आठवलं की अंगावर काटा येतो. मराठवाड्यात फरशी पुसायची म्हणजे फिनेल, आणि त्या वर्षात आम्ही दिवसातून दोनदा पुसत होतो. डॉक्टर एकदा बोलता बोलता म्हणाले, मांजर असेल तर फिनेल बंद करा, मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, पाय चाटूनसुद्धा विष होतं. ते आम्ही बंद केलं. पण गोळ्यांचं कुणी बोललं नव्हतं. तापाच्या गोळ्यांची पाकिटं तेव्हा घरात कशी पडलेली असायची ते आठवा, फ्रिजवर, देवळीत, उशीखाली. मी वर कोंडून घेतलेली, हे दवाखान्यात, घरात सगळ्यांचे चेहरे सुकलेले. मनीला दोन शिंका आल्या. धाकटी तेव्हा नऊ वर्षांची. तिनं गोळीचा चतकोर तुकडा पोळपाटावर लाटण्यानं बारीक केला, दुधात कालवला आणि वाटी मनीपुढं ठेवली. मनी वाटीशी आली, हुंगलं, मिशा मागं घेतल्या आणि निघून गेली. धाकटी रुसून जिन्यात येऊन बसली आणि दाराबाहेरून मला सांगायला लागली, "आई, मनी औषध घेत नाही गं." मी डॉक्टरांना फोन केला तो खरं तर मनी शिंकते हे सांगायला. गोळीचं ऐकून ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "घेतलं नाही ना? नक्की बघा. वाटी बघा." पॅरासिटामॉलचा तो चतकोर तुकडा मांजराला पुरतो. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं, श्वास लागतो, रक्तात प्राणवायू धरून ठेवायची ताकद राहत नाही. मी दाराआडून धाकटीला विचारत होते, वाटी भरलेली आहे का, कडेला जीभ लागल्याची खूण आहे का, आणि ती पोर घाबरून वाटी उजेडाकडं धरून बघत होती. वाटी भरलेली होती. तिकडं रुग्णालयात माणसांचा प्राणवायू मोजला जात होता आणि इथं वर मी दुधाच्या वाटीची पातळी विचारत होते.

त्या दिवशी सगळ्या गोळ्या डब्यात गेल्या आणि डबा फडताळाच्या वरच्या कप्प्यात. धाकटीला मी काही बोलले नाही. तिनं जे केलं ते मायेनं केलं, आणि मायेनं काय होऊ शकतं ते तिला कळायला नऊ वर्षं हे वय नव्हे.

जोंधळीचं त्यात मागं पडलंच. तिची वर्षाची रेबीजची सुई एप्रिलमध्ये असते, ती टळली. उन्हाळा म्हणजे आमच्याकडं गोचिडांचे दिवस, रोज कानामागं, बोटांत बघावं लागतं. ते माझं काम, मी कोंडलेली. थोरला तिला पहाटे पाचला मोकळ्या प्लॉटवर नेऊन आणायचा, चौकात पोलिस उभे राहायच्या आत. गच्चीवर कर म्हटलं तर ती करायची नाही, घरात घाण करायची नाही हे तिच्या अंगात इतकं भिनलेलं की १४-१५ तास धरून ठेवायची. पुढं मेमध्ये तिनं खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, आणि तो गोचीड ताप निघाला. डॉक्टर मोटारसायकलवरून फाटकापर्यंत आले, पीपीई किट नाही, तोंडाला गमछा आणि वर मास्क. फाटकाच्या आडव्या गजातून हात घालून त्यांनी तिची हिरडी दाबून बघितली. औषध लिहून दिलं डॉक्सीसायक्लिन. थोरला तीन मेडिकल फिरला, मिळेना. तेव्हा तीच गोळी माणसांना कोरोनात लिहून देत होते, दुकानात आली की संपत होती. शेवटी ती आमच्याच घरात निघाली, माझ्या उरलेल्या औषधांच्या पिशवीत, आख्खं पाकीट. डॉक्टरांनी फोनवर वजन विचारून मात्रा सांगितली आणि माझ्या तापाची गोळी तूप-भाकरीच्या घासातून तिच्या तापाला गेली.

हे पुढचं झालं. मला सांगायचं आहे ते पाचव्या रात्रीचं.

तोवर ती जिन्याच्या वरच्या पायरीवर राहायला शिकली होती. दिवसा दार किलकिलं करून ताट घ्यायचे तेव्हा ती उठून पुढं यायची, आणि मी म्हणायचे, "मागं. मागं हो." हात उगारून नाही, नुसतं बोलून. ती शेपटी हलवत एक पाऊल मागं जायची, तिला तो खेळ वाटत असावा. पाचव्या रात्री माझा ताप १०३ वर गेला होता. यांच्या वॉर्डातून संध्याकाळी फोन आला नव्हता. मी न्हाणीत जाऊन आले आणि दार नीट लागलंच नसावं. अंधारात अंगावर काहीतरी ओलं टेकलं. ती आत आली होती आणि नेहमीसारखी हनुवटी गादीच्या काठावर ठेवून माझ्या मनगटाला नाक लावत होती. त्या क्षणी मला काय झालं ते मी अनेकदा आठवून बघितलंय. तिला लागेल ही भीती होती, खरंच होती. पण त्यात दुसरंही होतं. कुणी जवळ येतंय, मला हवंय, आणि घेता येत नाही, याचा संताप होता. मी उशाचा स्टीलचा तांब्या उचलून भिरकावला. तिच्यावर नाही, दाराकडं. निदान मला तसं वाटतं. तांब्या तिच्या मागच्या पायाला लागून गेला. ती ओरडली, एकदाच, आणि सरपटत बाहेर गेली. पाणी सगळीकडं. खालून सासूबाईंचा आवाज आला, "काय करलालीस गं वर? पडलीस का काय?" मी म्हटलं, तांब्या पडला, आत्याबाई.

त्यानंतर ती वरच्या पायरीवरून उंबऱ्यापर्यंत यायची आणि थांबायची. दार उघडं असो, बंद असो.

त्याच दिवसांत मोबाइलवर बातमी वाचली, हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातले ८ आशियाई सिंह पॉझिटिव्ह निघाले. हैदराबाद आम्हाला परकं नाही, उपचाराला, लग्नाच्या खरेदीला आमची माणसं तिकडंच जातात, धाकटीनं ते सिंह जाळीतून बघितलेले. त्या सिंहांना कुणी जवळ घेतलं नसणार, तरी झालं. ते वाचून मला बरं वाटलं, हे लिहायला जड जातंय, पण वाटलं. म्हणजे मी केलं ते बरोबर होतं. माझं अंतर खोटं नव्हतं. मी ती बातमी जोंधळीला वाचून दाखवली, दाराकडं तोंड करून, मोठ्यानं. तिचा उभा कान हलला.

सासूबाई तेव्हा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून माझ्याशी बोलायच्या. त्यांना वर येऊ देत नव्हतो, त्या माझ्याकडं न बघता समोरच्या भिंतीशी बोलायच्या. त्यांच्या आजेसासूनं सांगितलेलं प्लेगाचं त्यांना पाठ आहे. निजामाचा अंमल होता. घरात उंदीर पडले की गाव ओळखायचं आणि घरंदारं टाकून माळावर खोपट्यांत जायचं. गुरं बरोबर न्यायचे, शेळ्या न्यायचे. कुत्री जायची नाहीत. कुत्रं घराला बांधलेलं, ते ओस पडलेल्या घराच्या ओट्यावर बसून राहायचं. रात्री रिकाम्या गावातून त्यांचं रडणं माळापर्यंत ऐकू यायचं आणि प्रत्येकाला आपल्या कुत्र्याचा आवाज कळायचा. "मग काय करायचे?" मी वरून विचारलं. "वेशीपर्यंत जायचे की. भाकरी घेऊन. आत पाय टाकायचा नाही, वेशीतून फेकायचे. ते यायचं, खायचं, आन् परत घराकडं जायचं. धन्याच्या मागं माळावर जायचं नाही. राखणीला होतं ते." थोडा वेळ त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "तुझी बसलीय बघ तिथंच. राखणीला."

हे १९ व्या दिवशी घरी आले. चौदा किलो वजन उतरलेलं, पायात बळ नाही. गल्लीच्या टोकाचे एक काका मात्र आमच्याआधी दोन दिवस पहाटे अॅम्ब्युलन्समधून गेले होते. एकटेच राहायचे, पेन्शनर. त्यांच्या घरात मांजर आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी थोरला पहाटे जोंधळीला घेऊन जाताना ती त्यांच्या फाटकाशी थांबली आणि हलेना, तेव्हा त्यानं कान देऊन ऐकलं. खिडकीच्या गजातून पाणी, दूध, पेंडखजुराच्या डब्याच्या झाकणात कालवलेला भात, असं त्यानं त्या मांजराला १६ दिवस घातलं. काका परत आले. आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे घराची दुसरी किल्ली आणून आमच्या फडताळातल्या खिळ्याला अडकवली. त्याला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर मांजराचं नाव, काय खातं, कुठल्या खोलीत लपतं. आम्हीही आमची एक किल्ली त्यांच्याकडं दिली. पुठ्ठ्यावर जोंधळीच्या सुईच्या तारखा, डॉक्टरांचा नंबर, कांदा द्यायचा नाही, फटाके वाजले की पलंगाखाली जाते. आणीबाणीत कुत्र्याला कुणाकडं द्यायचं हे आपण आपल्या लेकरांइतकंच आधी ठरवून ठेवायला हवं, हे मी आता भेटेल त्याला सांगते. लोक हो म्हणतात.

२०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा उदगीरकडं भावाच्या गोठ्यात मी हेच सगळं पुन्हा बघितलं, उलट्या बाजूनं. माणसाला त्यात धोका नव्हता, रोग जनावरांचा, माश्या-डासांनी पसरणारा. गुरांचे बाजार बंद, गोठ्यात कडुलिंबाच्या पाल्याचा धूर, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचत होते. भावाच्या देवणी बैलाच्या मानेवर गाठी आल्या. त्याला लांब, आंब्याखाली बांधला. भाऊ आधी धडधाकट जनावरांचं वैरणपाणी उरकायचा आणि शेवटी त्याच्याकडं जायचा, त्याच्याकडून येताना हातपाय धुऊन, सदरा बदलून. बैल दिवसभर गोठ्याकडं तोंड करून उभा. पण भाऊ त्याच्याजवळ जाऊन बसायचा. गाठीला मलम लावायचा, पाठीवर हात फिरवायचा. मला त्याचा हेवा वाटला. त्याला हात लावता येत होता.

कोरोनात त्या वरच्या खोलीतून मी बाहेर आले त्या दिवशी, आंघोळ करून, कपडे बदलून, दार उघडून उंबऱ्यावर बसले आणि जोंधळीला बोलावलं. ती आली, शेपटीनं सगळं अंग हलवत आली, तोंड चाटलं, कान चावले. मागच्या पायावर मी हात फिरवला, काही नव्हतं, सूज नाही, खूण नाही. त्या रात्री ती खाली माझ्या पायाशी झोपली. मला वाटलं, विसरली.

मागच्या महिन्यातल्या त्या तापात मी तिला तीन दिवस बघत होते. रात्री पाणी प्यायला उठले की ती तिथंच. आता नऊ वर्षं सरली तिला, तोंडावर पांढरं आलंय, एका डोळ्यात सारा उतरलाय. डॉक्टर आलेच होते दुसऱ्या कुणाकडं, त्यांना विचारलं, या तापाचं तिला काही नाही ना. ते म्हणाले, नाही, घ्या जवळ. तिसऱ्या रात्री ताप उतरला, घाम आला, मी अंथरुणावर उठून बसले. जिन्यातला दिवा चालू होता, त्या उजेडात तिचा उभा कान तेवढा दिसत होता. मी म्हटलं, "ये."

शेपटी फरशीवर आपटली. दोनदा, तीनदा. मी हात पुढं केला, "ये गं, ये आत." ती उठली, अंग झाडलं, उंबऱ्याशी आली, माझ्या हाताचा वास घेतला. आणि एक पाऊल मागं जाऊन, नीट, तिच्या जागेवर बसली.